सर्वांत खालची ओळ

चष्म्याच्या दुकानात माणूस खोटं बोलायच्या तयारीनंच येतो. चाळिशी उलटलेला तर हमखास. "मला सगळं दिसतं हो, बायको म्हणाली म्हणून आलो," हे वाक्य मी मराठीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि एकदा सिंधीतसुद्धा ऐकलं आहे. पेपर हल्ली पूर्वीसारखा छापत नाहीत, विजेचे दिवे मंद झालेत, लग्नपत्रिकेची शाई हलकी आहे. दोष जगाचा, डोळे तेवढे निर्दोष. अशा वेळी मी वाद घालत नसे. मान डोलवायची, खुर्चीवर बसवायचं आणि हातात कार्ड द्यायचं.

बेंगळुरात मल्लेश्वरममध्ये आमचं छोटं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलं, मी चालवलं, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर भाच्याच्या हवाली करून मोकळी झाले. आमचे पूर्वज या मुलखात कधी आणि कुणाच्या फौजेबरोबर आले, ते प्रत्येक आत्याबाई वेगळं सांगते. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण त्यात कन्नडमधलं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे इतकं मिसळलेलं, की सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्या पुण्याकडच्या इंजिनिअरांच्या बायका आधी गालात हसायच्या. मग चष्मा मात्र माझ्याकडूनच करून न्यायच्या. शाळा माझी कन्नड. मराठी मी वाचायची ती अडखळत, आणि कविता तर वाचायचीच नाही. असल्या बाईकडून दिवाळी अंकाला लेख मागणाऱ्या संपादकांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं.

ज्यांना अजून चाळिशी लागलेली नाही त्यांच्यासाठी आमचं काम थोडं सांगते. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. माणूस पेपर लांब धरतो, आणखी लांब धरतो, आणि हात पुरेनासे झाले की आमच्याकडे येतो. आम्ही त्याच्या नाकावर एक काळी, जड, गोल चौकट चढवतो, तिच्यात एकामागून एक काचा सरकवतो आणि कार्ड वाचायला लावतो. कार्डावर वरची ओळ ठळक असते, खाली अक्षर बारीक होत जातं. सर्वांत खालची ओळ न अडखळता वाचली की नंबर ठरला. माणूस मध्येच अडला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, की काच कमी पडतेय असं समजायचं आणि पुढची चढवायची. सासऱ्यांनी मला शिकवलेला हा पहिला नियम, आणि एरवी तो बरोबरच आहे.

इंग्रजी आणि कन्नड कार्डं तयार मिळत. मराठी कुठून मिळणार? सासऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. त्यांनी गणपतीची आरती छापून घेतली होती. झालं असं की गिऱ्हाईक पहिली ओळ बघायचं आणि पुढची सगळी आरती धडाधड म्हणून टाकायचं. एका आजोबांनी तर डोळे मिटून शेवटपर्यंत म्हटली, कार्ड कपाळाला लावलं आणि मला म्हणाले, "छान दिसतंय."

म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गल्लीत कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणारा एकजण आला तेव्हा मी नवं कार्ड करायला घेतलं. कुणाला पाठ नसलेलं काहीतरी हवं होतं. मराठी मंडळाची एक स्मरणिका घरात पडून होती. तिच्यात एका भांड्यांच्या जाहिरातीच्या वर सहा ओळींची कविता सापडली. ओळी आखूड, जोडाक्षरं बेताची, आणि कुणाला पाठ असण्याची भीती नाही. तेवढं बघून मी पान कापून त्याला दिलं. अर्थाकडे पाहिलं नाही. साडी विकणारा पदरावरच्या मोराची कुठे चौकशी करतो? त्या जुळवणाऱ्यानं पहिली ओळ बोटभर केली आणि प्रत्येक ओळ लहान करत सहावी मुंगीएवढी केली. तिच्याखाली कवयित्रीचं नाव होतं, त्याला जागाच उरली नाही, म्हणून त्यानं ते गाळलं. स्मरणिका रद्दीत गेली. आज मला त्या बाईचं नाव सांगता येत नाही, याची चुटपुट कायमची आहे.

पहिल्या पाच ओळी अशा होत्या:

दुपार कलली. सूप मांडीवर घेतलं.
भिजलेलं पान, कात्री, चिमूट तंबाखू.
बोटं चालतात, मी दाराकडं बघते.
संध्याकाळी चेकर हात घालतो माझ्या दिवसात,
मूठभर उचलतो, मोडतो, म्हणतो, छाट.

सहावी ओळ तिच्या जागी येईल.

या कार्डावर मी शेकडो डोळे तपासले असतील. लोक वाचत असत आणि मी ऐकत नसे, म्हणजे फक्त कुठे अडतात तेवढंच ऐकत असे. एका बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, की यात यमक नाही, तेव्हा हे कार्ड सदोष आहे. एका बाईंनी विचारलं, "हे काय गरिबीबिरिबीचं लावलंय? स्वयंपाकाची कृती छापली असती तर बायकांनी खालपर्यंत आवडीनं वाचलं असतं." सूचना वाईट नव्हती. मी विचारही करत होते, तेवढ्यात माने आले.

दिनकर माने. मूळचे निपाणीचे, राहायला के. आर. पुरमला, नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात. दोन बस बदलून ते रविवारी माझ्याकडे आले होते, कारण मराठीत बोलणारी चष्मेवाली आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. उंच, इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. बसायच्या आधीच म्हणाले, "अक्का, आधीच सांगतो. मला वाचनाबिचनाचा चष्मा नको. मी वाचत नाही. कामापुरतं दिसलं म्हणजे झालं."

"काम काय करता?"

"तपासणी. तयार झालेला पीस बरोबर आहे की नाही ते बघायचं. बरोबर असला तर पुढं, नसला तर बाद."

"सरी. मग नंबर काढेपर्यंत तरी स्वल्प वाचावं लागेल."

"मी पेपरसुद्धा वाचत नाही हो."

"मी पण नाही वाचत. धरा कार्ड."

शाळेत हजेरी घेतात तशा सुरात त्यांनी चार ओळी वाचल्या. पाचवीला अडले. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी नियमाप्रमाणे पुढची काच सरकवली. "आता?" तर म्हणाले, "खालचं दिसत नाही." आणखी एक सरकवली, तरी तेच. शेवटी त्यांच्या वयाला जरा जास्तच वाटणारा नंबर मी लिहून घेतला.

फ्रेम निवडताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हाताऱ्या माणसाला घरात सारखा धूर दिसतो, ते कशानं होतं?"

त्यांची आई त्यांच्याजवळच राहत होती. चूल नाही, बंब नाही, घरात गॅस; तरी ती म्हणायची, "किती धूर केलाय गं सूनबाई." दिव्याची वात तिला चाचपावी लागे. मी म्हटलं, "मोतीबिंदू असणार. घेऊन या, मी बघते, मग डोळ्यांच्या दवाखान्यात जा. आणि उशीर करू नका. फार पिकू दिला तर आत दाब वाढतो, डोळा दुखायला लागतो आणि मग कायमचा जातो. मग कुणी काही करू शकत नाही."

"येत नाही ती," माने म्हणाले. "कुणी तपासायचं म्हटलं की भिंतीकडं तोंड करून बसते. म्हणते, उभा जन्म तपासून घेतलं, आता न्हाई. हट्टी आहे."

चष्मा घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत परत आले. पीस नाकापाशी आणला तर दिसतो, पण बाकावरच्या मापकाचा काटा धूसर. मी पुन्हा कार्ड दिलं. पुन्हा पाचव्या ओळीला पाणी. काच बदलून दिली. तिसऱ्या खेपेला ते आले तेव्हा चेहरा पडला होता.

"अक्का, खरं सांगा. माझे पण डोळे जातायत का?"

आता मीही घाबरले. त्या वेळी ते कार्ड दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या हातात होतं, म्हणून मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून त्यांना दिलं आणि मागचं बारीक अक्षरातलं राशिभविष्य वाचायला सांगितलं. चौकटीत काच घातली ती अगदी सुरुवातीची, हलकी. मान्यांनी बाराच्या बारा राशी घडाघडा वाचल्या. कन्येला प्रवासयोग होता, तोही सांगितला.

म्हणजे डोळे ठणठणीत होते. मग अडत होतं कुठे? दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर मी कार्ड हातात घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाचलं. मुंगीएवढी ओळसुद्धा वाचली. मग विचारलं, "माने, विड्या कोण वळायचं तुमच्याकडे?"

त्यांनी चौकट काढून हळूच काउंटरवर ठेवली. "आई," म्हणाले.

निपाणीकडे घरोघरी बायका विड्या वळायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि संध्याकाळी कारखान्यात द्यायची. तिथे चेकर तपासून वाईट म्हणून बाजूला काढायचा ती छाट. छाट झालेल्या विडीची मजुरी नाही. मान्यांचं शिक्षण त्या सुपावर झालं होतं.

मी म्हटलं, "या कवितेची प्रत देऊ का करून? घरी ठेवा."

"नको. घरी नको." इतक्या घाईनं म्हणाले, की मी पुन्हा विचारलं नाही. बरोबर नंबरचा चष्मा घातला आणि गेले.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी माने पुन्हा हजर. "स्क्रू ढिला झालाय." स्क्रू चांगला घट्ट होता. तरी मी तो पिळल्यासारखं केलं, आणि माझी पाठ वळल्यावर त्यांनी कार्ड उचललं. त्यानंतर नाकाच्या गाद्या टोचू लागल्या. मग काडी वाकडी झाली. के. आर. पुरमहून दोन बस बदलून काडी सरळ करायला येणारं हे एकच गिऱ्हाईक मी पाहिलं. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

एकदा ते तिसऱ्या ओळीवर हसले. "आई अशीच. दाराकडं बघून आम्हाला शिव्या द्यायची आणि बोटं आपली चालूच." दुसऱ्या वेळी चिडले. कार्ड काउंटरवर आपटून म्हणाले, "ही बाई एकच बाजू सांगते अक्का! चेकरनं करायचं काय? खराब माल तसाच पुढं जाऊ द्यायचा? त्याला पण वर कुणीतरी विचारतंच ना?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी कुठे लिहिलंय?" तरी ते माझ्याशीच भांडत राहिले. कविता वाचून कुणाला राग येऊ शकतो हे मला नवीन होतं. गोड आवाजात म्हणतात आणि लोक 'वा' करतात, एवढाच माझा समज. हा मनुष्य एका ओळीशी भांडत होता आणि पुढच्या रविवारी तिच्याचसाठी पुन्हा येत होता.

सहाव्या ओळीपर्यंत मात्र ते जात नव्हते. पाचवीनंतर कार्ड उलटं ठेवायचे. आईचं विचारलं की म्हणायचे, "तसंच आहे. आता परवा उंबऱ्याला अडखळली." मी दर वेळी बजावायची, "पिकू देऊ नका हो. डोळा हातचा जाईल." एकदा मी रागावूनच बोलले. त्या दिवशी त्यांनी कार्ड पुन्हा सुलटं केलं आणि शेवटची मुंगीएवढी ओळ मोठ्यानं वाचली:

मी त्याला कधी विचारलं नाही, तुझी आई काय करते?

बाहेर फुलवाली लक्ष्मम्मा हातानं मोजून द्यायच्या गजऱ्याच्या मापावरून कुणाशी तरी हुज्जत घालत होती. मान्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अक्का, आईला ठाऊक नाही मी काय काम करतो."

"म्हणजे?"

"कंपनीत आहे, साहेब आहे, एवढंच सांगितलंय. आमच्या घरात चेकर ही शिवी होती. तिचा मुलगाच चेकर झालाय हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी मूठभर उचलतो, बघतो, बाद करतो. रोज. म्हणून तिच्याशी त्या दिवसांबद्दल मी बोलतच नाही. बोललो तर ती विचारेल."

आता मला भिंतीकडे तोंड करून बसणारी ती म्हातारी दिसली. तपासायला येणारा माणूस म्हटला की तिच्या दिवसात हात घालणारा कुणीतरी. आणि ज्यानं तिला समजवायचं तो जन्मभर विषय टाळत आलेला. मला सांत्वन करता येत नाही. मी म्हटलं, "कार्ड घेऊन जा. पुढच्या रविवारी परत आणा, माझा धंदा आहे त्याच्यावर."

तो आठवडाभर मी मराठी गिऱ्हाइकांना राशिभविष्यावर तपासलं. सगळे खूश होते.

रविवारी माने आले ते आईला हाताला धरूनच. ठेंगणी, हिरवं लुगडं, चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला. तिला बसवून, चहा मागवून, मान्यांनी बाजूला येऊन मला झालेलं सांगितलं. त्यांनी आईला कविता वाचून दाखवली. पाचव्या ओळीला ती हुंकारली. सहावी ऐकून म्हणाली, "मग? काय म्हनला त्यो चेकर?"

"ते लिहिलेलं नाही आई."

"लिवलं न्हाई तर तू सांग."

मग मान्यांनी सांगितलं. "त्या चेकरची आई विड्या वळायची, आणि तो चेकर मी आहे." सूनही दारात उभी राहिली होती. मग म्हातारीनं विचारलं, "खराब असंल तरच टाकतोस का उगं बी टाकतोस?"

"खराब असेल तरच."

"आन् चांगलं असंल तर म्हंतोस का चांगलं हाय म्हनून? आमच्याकडं त्ये कुनी कंदी म्हनलं न्हाई."

मान्यांनी म्हटलं, म्हणतो. तेव्हा ती उठली आणि चपला शोधायला लागली. "चल तर. कुठं डोळं तपासायचं म्हनतोस तिथं. पर तू संगं ऱ्हायचं."

दोन्ही डोळे पांढुरके झाले होते, पण बॅटरीचा उजेड तिला कळत होता, कुठून येतो तेही सांगत होती. मी चिठ्ठी दिली आणि माने तिला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलंत. हे मला फोनवर सांगताना मान्यांनी तीन वेळा थँक्यू म्हटलं. मी ते त्या नाव नसलेल्या बाईच्या खात्यावर टाकलं. तिला कुठे माहीत, की भांड्यांच्या जाहिरातीवर छापलेल्या तिच्या सहा ओळींनी बेंगळुरात कुणाचे डोळे वाचवले. ती असेल तिथे सुखात असो. मी एक चष्मेवाली, मला कविता कळत नाही, पण तिचे उपकार कळतात.

दोन्ही ऑपरेशनं होऊन डोळे निवल्यावर म्हातारी जवळच्या चष्म्यासाठी आली. ज्यांना वाचता येत नाही अशा बायकांसाठी मी सुईदोरा ठेवत असे. सुई ओवता आली की नंबर ठरला. मी सुई पुढे केली तर ती म्हणाली, "ही कशाला? मी कवा शिवनकाम केलं न्हाई."

मग मला सुचलं ते मी केलं. लक्ष्मम्माकडून विड्याची दोन पानं आणि फुलं बांधायचा दोरा आणला. आतून चहाची भुकटी आणली, आणि दुकानातली कात्री म्हातारीच्या हातात दिली. चौकटीत काच घातली. ती एकदा पानाकडे, एकदा माझ्याकडे बघून खुदकन हसली. मग पान कापलं, भुकटी भरली आणि बोटं चालायला लागली. दाराकडे मात्र ती बघत नव्हती. बोटांकडेच बघत होती, जणू त्यांची आत्ताच ओळख होत होती. दोरा गुंडाळून तिनं विडी उजेडात धरली आणि मोडून टाकली.

"छाट," म्हणाली. "पान फुगलं."

मी पुढची काच घातली. दुसऱ्या पानाला तिनं जास्त वेळ घेतला. टोक दुमडलं, दोरा आवळला, पुन्हा उजेडात धरली. या वेळी मोडली नाही. हात लांब करून तिनं ती मुलाच्या पुढ्यात धरली.

"बघ रं चेकर. चालंल?"

मान्यांनी खिशातून चष्मा काढून घातला. कारखान्यात धरत असतील तशी ती विडी दोन बोटांत धरली, फिरवली, दोन्ही टोकं बघितली. घाई केली नाही.

"चांगली आहे आई," म्हणाले. "पास."

आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांचा नंबर बदलला नाही.